परत आलेला लाल डगला

नाताळ जवळ आला की लोकांना केकचा वास आठवत असेल. मला दुसऱ्यांच्या पायमोज्यांचा आठवतो.

भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदामात मी चार हिवाळे परत आलेल्या मालाच्या विभागात काम केलं. ऑनलाइन मागवलेली वस्तू गिऱ्हाइकाला नकोशी झाली की ती आमच्या टेबलावर यायची. खोका फोडायचा, वस्तू बाहेर काढायची, उलटीसुलटी करून बघायची, वास घ्यायचा आणि तीन क्रेटांपैकी एकात टाकायची: चांगला, दुरुस्ती, भंगार. वास घ्यायचा हे मी उगाच सांगत नाही. पहिल्याच दिवशी तसं शिकवलं होतं. डाग धुऊन निघतो, घडी पुन्हा नीट घालता येते, पण अंगाचा वास कापडातून सहजासहजी जात नाही. कपडा नाकाला लावला की तो कुणी घातलाय की नाही ते कळतं.

दिवाळीचा परतीचा माल नोव्हेंबरभर चालायचा. तो संपतो न संपतो तोच डिसेंबरचा सुरू. थंडीत लोक फिरायला जातात. जाताना जॅकेट मागवतात, दोन दिवस घालतात, फोटो काढतात आणि आल्यावर ‘साइज बरोबर नाही’ असं कारण लिहून परत पाठवतात. अशाच एका जॅकेटच्या खिशात मला कोंबडीचं चघळलेलं हाड सापडलं होतं, कागदी रुमालात नीट गुंडाळून ठेवलेलं. एका मिक्सरच्या भांड्यात हिरवी चटणी तशीच होती आणि तिच्यावर पांढरी लव आली होती. बुटांत चिखल, उशीला चिकटलेले केस, तान्ह्या मुलाच्या बाटलीत फाटलेलं दूध. ज्या हातांनी हे खोक्यात भरलं त्या हातांना काहीच कसं वाटलं नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. वरची चिकटपट्टी मात्र सगळ्यांची अगदी सरळ लावलेली असायची.

मला लहानपणापासूनच किळस फार. आम्ही भिवंडीच्या आतल्या एका गावातले, भातशेती करणारे. आई तांब्या ओठांना न लावता वरून पाणी प्यायची आणि आम्हालाही तसंच प्यायला लावायची. दुसऱ्याच्या घरी चहा आला की कप हातात घेण्याआधी त्याची कड बघायची, हे तिनेच शिकवलं. डोंगराकडच्या पाड्यांवरून आदिवासी बायका थंडीत करांदे घेऊन दारात यायच्या. करांदे म्हणजे वेलाचे मातकट कंद, उकडून खातात. आई ते घ्यायची, पण त्या बाईने टोपली ओट्याच्या खाली ठेवायची, आई करांद्यांवर पाणी शिंपडायची आणि मगच ते घरात यायचे. त्या पाण्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. घाण असते म्हणून पाणी, इतकं ते सरळ वाटायचं. ते करांदे मी कधी खाल्लेही नाहीत. त्यांच्याकडे बघितलं की मला त्या बायकांच्या नखांतली माती दिसायची.

लग्न होऊन भिवंडी शहरातल्या नारपोलीत आले. पुढे माहेरची जमीन गेली, तिथे गोदाम उभं राहिलं. मी काम करत होते ते नव्हे. आमच्या शेतावर टायर ठेवतात. नारपोलीत आमची खोली पहिल्या मजल्यावर, खाली कापड विणायचे लूम. हिवाळ्यात इथला धूर वर जात नाही. सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांच्या भट्ट्यांत लाकडाबरोबर चिंध्या, प्लास्टिक, काय काय जळतं, आणि ते सगळं सकाळी आमच्या गल्लीत उतरतं. नाक शिंकरलं की रुमाल काळा. गटारातून रंगाचं पाणी वाहतं, एक दिवस जांभळं, एक दिवस हिरवं, आणि त्यात कुणाची तरी चप्पल अडकलेली. लोक म्हणतात थंडीची हवा किती छान. मी खिडकी लावून घेते.

नवऱ्याला लूमवर कधी काम असायचं, कधी नसायचं. मी बारावी झालेली, आणि गोदामात बायकांना घेत होते. ज्या बाईला दुसऱ्याच्या कपातला चहा गिळवत नाही तिला नेमका तोच विभाग मिळाला. मी स्वतःचे हातमोजे विकत घेतले, दोन मास्क एकावर एक लावले, वास घ्यायच्या वेळी ते खाली करायचे आणि श्वास रोखून पुन्हा वर ओढायचे. घरी आल्यावर साबणाने हात इतके घासायचे की डिसेंबरात बोटांना चिरा पडायच्या.

माझ्यासमोरच्या टेबलावर एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचे. रोज सकाळी पाड्यावरून जीपने यायची. बुटकी, काटक, बोलायला कमी. ती उघड्या हातांनी काम करायची. जो खोका फोडायच्या आधीच वास मारायचा तो मी गुपचूप टेबलावरून तिच्याकडे सरकवायचे. ती काही न बोलता घ्यायची, फोडायची, बघायची आणि भंगारात टाकायची. तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. तिला काही वाटत नाही, असं मी धरून चालले होते. इतकं सहज, की तसं आपण धरून चाललोय हेही मला जाणवत नव्हतं.

दुपारी डबे खाऊन झाले की आम्ही बायका गोदामाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून उन्हात बसायचो. आत पत्र्याखाली गारठा असायचा, बाहेर भिंत तापलेली असायची. ती दहा मिनिटं मला आवडायची, हे कबूल करायला हवं. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं मी मास्क काढून पूर्ण श्वास घ्यायचे. ती बाई पदराच्या टोकाला बोरं बांधून आणायची आणि सगळ्यांपुढे मूठ धरायची. माझ्यापुढे आली की मी म्हणायचे, ‘नको मावशी, दात आंबतात.’ माझे दात कधीच आंबले नव्हते.

घरी वेगळाच प्रकार. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. नाताळच्या सुट्टीचं तिला वेड. तिला झाड हवं होतं, दारावर चांदणी हवी होती, केक हवा होता. मला त्या लाल-हिरव्या रंगाचाच वीट आला होता. दिवसभर मी तेच उपसत होते: मोडकं प्लास्टिकचं झाड, जळालेल्या दिव्यांच्या माळा, कुत्र्याने चावलेलं चांदीच्या रंगाचं तोरण. पण ती शाळेत शिकलेली इंग्रजी गाणी म्हणत घरभर फिरायची तेव्हा तिला गप्प बस म्हणवत नव्हतं. एका संध्याकाळी तिने जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची चांदणी केली. भाताच्या शिताने कागद चिकटवले होते, हात चिकट, फ्रॉक चिकट, फरशी चिकट. मला आधी फरशी दिसली. चांदणी मागाहून.

त्या वर्षी, म्हणजे माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या टेबलावर सांताक्लॉजचा डगला आला. परत पाठवायचं कारण: ‘रंग आवडला नाही.’ लाल मखमली कापड, पांढरी केसाळ किनार, पट्टा, टोपी आणि इलास्टिकची दाढी. कुठल्या तरी पार्टीत घालून झालेला होता, ते उघडल्या उघडल्याच कळलं. काखेत पिवळे अर्धगोल. खिशाच्या आत च्युइंगम चिकटवलेला, दातांच्या खुणांसकट. दाढी तर हातात धरवत नव्हती. तोंडाच्या जागेभोवतीचे केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते. आधी वाटलं गोंद असेल. जवळ नेलं तेव्हा कळलं, केकचं क्रीम होतं, आंबलेलं, त्यात कबाबाच्या तेलाचा वास आणि त्याखाली लाळेचा. दोन मेलेल्या मुंग्या त्यात रुतून बसल्या होत्या. मला उमासा आला. मी सगळं भंगाराच्या क्रेटमध्ये टाकलं, चिठ्ठी लावली आणि जाऊन हात धुतले.

आमचा सुपरवायझर तिशीतला होता. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहिते. सगळ्यांशी हसून बोलायचा, कुणाचं मूल आजारी असलं तर लवकर सोडायचा. पण वरून जे सांगितलं जाईल ते खाली करून दाखवायचं, एवढंच त्याला ठाऊक. नाताळच्या आदल्या दिवशी मुंबईच्या ऑफिसातून चार जण येणार होते. गोदामात सण साजरा करायचा, त्याचा व्हिडिओ काढायचा, असं ठरलं होतं. सांता लागणार होता. म्हणून त्याने भंगाराच्या क्रेटमधून तो डगला बाहेर काढला.

‘हा कुणाला घालायला देऊ नका,’ मी म्हटलं. ‘मी स्वतः उघडलाय. घाण आहे आत.’

‘अरे ताई, एक घंटे का तो सवाल है,’ तो हसत म्हणाला. ‘स्प्रे मारतो ना.’

त्याने खरंच स्प्रे मारला. आता डगल्याला आंबलेल्या क्रीमचा आणि लिंबाचा असा एकत्र वास यायला लागला. आधीचा बरा होता.

सांता व्हायचं काम फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका जाड्या माणसाने कबूल केलं होतं. नेमका त्याच सकाळी त्याला ताप आला. खरा आला की दाढीने आणला, देव जाणे. पाहुणे यायला तासभर उरला होता. सुपरवायझर डगला हातावर घेऊन आमच्या टेबलांमधून फिरला आणि माझ्यापुढे थांबला.

‘ताई, तुमची उंची बरोबर आहे.’

‘मी नाही घालणार.’

‘का पण?’

‘किळस येते मला.’

हे जरा मोठ्यानेच बोललं गेलं. आजूबाजूच्या बायका हसल्या. माझी ख्याती सगळ्यांना माहीत होती. सुपरवायझरही हसला आणि वळून समोरच्या टेबलाकडे बघत म्हणाला, ‘मग मावशी, तुम्ही घाला. तुम्हाला काय, तुम्हाला सगळं चालतं.’

प्रेमानेच म्हणाला तो. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही त्या क्षणी वाटलं ते एवढंच, की सुटले. ती बाई आधी डगल्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी काही बोलते का, याची वाट बघावी तसं. मी कटर उचललं आणि पुढचा खोका फोडायला घेतला. तिने हात लुगड्याला पुसले आणि डगला घेतला.

पाहुणे आले. फुगे लावले होते, मोठ्या आवाजात गाणी चालू होती. ती बाई लाल डगल्यात बुडून गेली होती, बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या, दाढीच्या वर फक्त डोळे. ‘हो हो हो म्हणा मावशी!’ सुपरवायझर ओरडला. ती म्हणाली, ‘हो.’ कुणी काही विचारलं आणि तिने होकार दिला, असं. सगळे पोट धरून हसले. मग फोटो. पाहुण्यांतल्या एका मुलीने तिच्या खांद्यावर हात टाकला, दाढीला गाल लावल्यासारखं केलं आणि फोटो निघाल्या निघाल्या पर्समधून बाटली काढून हातांना सॅनिटायझर चोळलं. गालालाही. मला तिचा राग यायला हवा होता, पण मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

केक कापला. पहिला तुकडा सांताला भरवायचा, असं कुणीतरी सुचवलं. पाहुण्यांतल्या एकाने भलामोठा तुकडा घेतला आणि दाढीच्या भोकातून आत कोंबला. ताजं क्रीम त्या जुन्या, कडक क्रीमला लागलं. ती बाई मागे सरायला गेली तर दुसऱ्याने ‘अजून, अजून’ म्हणत आणखी एक घास लोटला. व्हिडिओ चालू होता. तिचा गळा खाली-वर होताना मला दिसत होता. मला दिसत होतं आणि मी टाळ्या वाजवत होते, कारण सगळे वाजवत होते.

थोड्या वेळाने ती कुठे दिसेना. मी बायकांच्या संडासाकडे गेले. चाळीस बायकांना एकच होता तो, कडी तुटलेली, फरशीवर कायम पाणी. ती बेसिनच्या कडा धरून ओकत होती. दाढी गळ्यात उतरली होती आणि ओकारी तिच्यावरही पडली होती. वासाने मी दारातच थबकले.

‘मावशी?’

तिने मान न वळवता हात हलवला. ‘तुमी जा ताई. तुमाला किळस येते.’

त्यात टोमणा नव्हता. मला त्रास होईल म्हणून ती मला घालवत होती. माझ्या तोंडून गेलं, ‘तुम्हाला येत नाही म्हणून मला वाटलं…’

तिने नळाखाली तोंड धरलं, चूळ भरली, मग सरळ उभी राहिली.

‘कोन बोल्ला येत न्हाय?’ ती म्हणाली. ‘रोज येते. पयल्या दिसापासून येते. घरी जावून भाकर पुढ्यात घेतली का त्योच वास. दोन-दोन दिवस जेवान जात न्हाय मना.’

‘मग कधी बोलला नाहीत?’

‘बोलून काय? तुमी बोल्लात तर सगली हसली. मी बोल्ले असते तर कामाव कोन ठेवील?’

एवढं बोलून ती पुन्हा वाकली.

तिला किळस येत नाही म्हणून मी वर्षभर जे खोके तिच्याकडे सरकवले होते ते सगळे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आले. चटणीचं भांडं, दुधाची बाटली, एका म्हाताऱ्या माणसाची वापरून परत आलेली लंगोटासारखी पँट. तिने एकूण एक उघडला होता आणि घरी जाऊन उपाशी झोपली होती. त्या संडासातल्या वासापेक्षा मला माझीच जास्त शिसारी आली. आईचं ते पाणी शिंपडणंही आठवलं. आई निदान उघडपणे करायची.

मी पुढे झाले. दाढीचं इलास्टिक तिच्या अंबाड्यात अडकलं होतं, ते सोडवलं. हातमोजे टेबलावर राहिले होते. तिचं तोंड, मान, कानामागचा भाग धुतला, पाठीवर हात फिरवत राहिले. किळस वाटली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बोटांमध्ये तो बुळबुळीतपणा जाणवत होता. हात मागे घेतला नाही, इतकंच. डगला तिच्या अंगावरून उतरवला आणि माझ्या बाटलीतलं पाणी तिला प्यायला दिलं. तिने सवयीने वरून प्यायला बाटली उचलली. मी म्हटलं, ‘तोंड लावून प्या. सांडेल.’ ती प्यायली. मग मीही प्यायले. कसनुसं झालं, पण प्यायले.

आत आलो तेव्हा पाहुणे चहा घेत होते. सुपरवायझर माझ्या हातातला डगला बघून म्हणाला, ‘ताई, नीट घडी घालून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येईल.’

मी तो टेबलावर पसरला आणि कटर पाठीवरून सरळ खाली ओढलं. मग एक बाही. मग दुसरी. मग दाढीचे तुकडे केले. मखमली कापड चांगलं नव्हतंच, कागदासारखं फाटत गेलं.

‘अरे, अरे! क्या कर रहे हो?’

‘भंगार आहे,’ मी म्हटलं. ‘मी आधीच चिठ्ठी लावली होती.’

गाणी चालू होती म्हणून पाहुण्यांना ऐकू गेलं नाही. सुपरवायझर लाल झाला, पण त्यांच्यासमोर काही बोलला नाही. नंतर बोलला, बरंच काही, आणि सुट्टीनंतरचा आठवडाभर मला वापरलेल्या बुटांच्या टेबलावर टाकलं.

संध्याकाळी जीपच्या थांब्यावर मी तिला म्हटलं, ‘माफ करा मावशी.’ तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जीप आली, ती चढली आणि वरून म्हणाली, ‘उद्या सुटी हाय. पोरीला घेवून या पाड्याव.’

का बोलावते ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलीने मात्र हट्ट धरला, की नाताळचा दिवस आहे तर केक न्यायचाच. भिवंडीतल्या एका बेकरीतून घेतला, गुलाबी फुलांचा. जीपमध्ये मांडीवर तो खोका धरून बसले होते आणि आतला क्रीमचा वास नाकाला लागू नये म्हणून तोंड बाहेर काढत होते.

पाड्यावर हवा स्वच्छ होती. बऱ्याच दिवसांनी नाक शिंकरलं आणि रुमाल पांढरा राहिला. तिच्या घराला कारवीच्या काड्यांच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, कुडाला टेकलेली शेळी. अंगणात शेळीच्या लेंड्या होत्या, मडक्याच्या झाकणावर माश्या बसत होत्या. मला ते सगळं दिसत होतं. दिसायचं थांबत नाही माणसाला. तिची थोरली मुलगी बाहेर आली, माझ्या खांद्याएवढी. मी वय विचारलं तर म्हणाली, सतरा. मी त्या बाईकडे बघितलं. ‘मना पंधरावं लागलं तवा लगीन झाला,’ ती म्हणाली. मी मनात हिशेब केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान होती. वर्षभर मी तिला मावशी म्हणत होते. त्या दिवसापासून मी तिला बाय म्हणते, आमच्या गावाकडे धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

माझी मुलगी तिच्या मुलीबरोबर मागच्या वाडीत गेली आणि टिकावाने माती उकरून कंद काढायला लागली. परत आली तेव्हा कोपरापर्यंत मातीची, नखं काळी, आणि तोंडभर हसत होती. हात धुवायला मी तिला हाक मारली. तिने धुतले, मीही धुतले, त्या दोघींनीही धुतले, एकाच बादलीतून, साबणाच्या एकाच वडीने. मग उकडलेले करांदे ताटलीत आले. ताटली मी कडेपासून कडेपर्यंत बघितली, सवय कुठे जाणार. सालं सोलली, मीठ लावलं आणि चावला.

कडू! थुंकावंसं वाटलं. माझं तोंड असं काही झालं की त्या तिघी मोठ्याने हसायला लागल्या. ‘पयला कडूच लागते,’ बाय म्हणाली. ‘दुसरा खावा.’ दुसरा खाल्ला. तोही कडूच होता, पण त्यामागे उकडलेल्या पिठासारखी चव यायला लागली, गरम, मातकट. पाठीवर ऊन होतं. मी चार खाल्ले. चौथा चवीने.

मग केक उघडला. बायने एक घास तोंडाशी नेला, वास घेतला आणि ताटलीत परत ठेवला. ‘ह्यो मना ह्या जल्मात जानार न्हाय,’ ती म्हणाली. मलाही गेला नसता. पोरींनी दोन-दोन तुकडे खाल्ले, उरलेली गुलाबी फुलं शेळीने कागदासकट चाटून पुसून खाल्ली आणि वर आमच्याकडे अशी बघत राहिली, की पुन्हा हसू लोटलं. गोदामात लागल्यापासून नाताळ म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दुपारीही आला असेल एकदोनदा. पण मी हसत होते, पोट दुखेपर्यंत.

सुट्टीनंतर बुटांचा आठवडा काढला. तो किती घाण होता ते लिहीत नाही. परत माझ्या टेबलावर आले तेव्हा मी आणि बायने एक ठरवलं: खोके पाळीपाळीने घ्यायचे, वास येवो न येवो. सगळ्या बायकांनी मिळून हातमोजे मागितले. पहिल्यांदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा आणले. पुढच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिच्या पाळीला एक खोका आला, वर लिहिलेलं ‘घोंगडी’, आत कुणाच्या तरी कुत्र्याची अख्खी रात्र. तिने झाकण उचललं, नाक मुरडलं आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘शीऽऽऽ!’ माना वळल्या. मी लगेच तिच्याहून मोठ्याने ‘शी’ म्हटलं. मग तिसरी बाई, मग पलीकडच्या रांगेतली. सुपरवायझर धावत आला, खोक्यात डोकावला आणि त्याच्याही तोंडून तेच निघालं. हसू आवरेना. त्या वर्षातला तो मला सगळ्यात आवडलेला क्षण असेल.

चौथ्या हिवाळ्यानंतर माझी छाती भरायला लागली, डॉक्टरांनी धूळ बंद करा म्हणून सांगितलं, मी काम सोडलं. नारपोलीची हवा सोडता येत नाही, ती अजून गिळते.

गेल्या नाताळच्या सुट्टीत बायच्या थोरलीचं लग्न झालं. मांडवात पंगत बसली होती. शेजारी खरकट्याचा ढीग, त्यावर कुत्री, पत्रावळीखाली चिखल, वाढणारा माणूस घामाने निथळत भाताची पाटी घेऊन फिरत होता आणि हाताने भात वाढत होता. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, आई आता काय करते म्हणून. मी पत्रावळ सरळ केली. त्याने भात वाढला, वर वरण ओतलं, आणि पुढे जायला लागला तेव्हा मी त्याला थांबवून आणखी वाढायला सांगितलं.